लूम चालू ठेवा

आमच्या पाळकांचा आवाज मोठा होता आणि त्यांना त्याचा गर्व होता. गर्व हे पाप आहे, असं ते उपदेशात वरचेवर सांगत, तेही त्याच आवाजात.

रेव्हरंड शांतवन आवळे एक्याऐंशी साली कोल्हापूरकडून भिवंडीला आले. आमची प्रेसबिटेरियन मंडळी जेमतेम सत्तर माणसांची. मी शाळेत शिकवते आणि रविवारी पेटी वाजवते, दोन-चार घरं नोकरदार, बाकी सगळे लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर. निजामपुऱ्याच्या गल्लीत पत्र्याचं छोटं चर्च, आणि मध्ये दोन हातांची बोळ सोडून नूर मोहम्मदचा चोवीस लूमचा कारखाना. त्याची खिडकी बरोबर आमच्या मागच्या खिडकीसमोर, तिथून व्यासपीठ थेट दिसायचं. भिवंडीत लूम बंद ठेवतात ते शुक्रवारी. त्यामुळे ऐन रविवारी उपासनेच्या वेळी खडखडाट जोरात असायचा. चौऱ्याऐंशीचा कर्फ्यू सोडला तर तो कधी थांबल्याचं मला आठवत नाही.

आधीच्या पाळकांनी त्या आवाजापुढे हात टेकले होते. आवळेसाहेब हार मानणारे नव्हते. पहिल्याच रविवारी त्यांनी कोट काढून ठेवला आणि असे कडाडले की व्यासपीठाच्या बाजूला बसलेली मी पेटीवरून दचकले. लोक मात्र शांत बसून टक लावून त्यांच्याकडे बघत होते. साहेब खूश झाले. रात्री बायकोला म्हणाले की लूम हरले. मग बारा वर्षं ते दर रविवारी लूमना हरवत राहिले, आणि मीही पेटीचा भाता जिवाच्या आकांताने मारत राहिले.

माणूस मात्र सोन्यासारखा. जवळच्या वळ गावात कुणी आजारी असलं की सायकल काढायचे. कुणाची शिफ्ट सकाळी सुटते हे त्यांना पाठ होतं, आणि त्याच वेळी ते त्याच्या दारात प्रार्थनेला हजर. बारा वर्षांत सत्तरांचे एकशे चाळीस झाले ते काही नुसत्या कडाडण्याने नव्हे.

त्र्याण्णव साली गळा बसला तो उठेना. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, ओरडून ओरडून गाठी झाल्यात. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. ओठ हलायचे आणि नुसती हवा यायची. आमच्या सगळ्या मंडळ्यांची वरची सभा म्हणजे प्रेसबिटेरी. तिचं पत्र आलं की उपदेश करू न शकणाऱ्या पाळकाला मोकळं करावं लागेल, आणि भिवंडीची मंडळी कल्याणला जोडावी लागेल. त्रेचाळिसाव्या वर्षी त्या माणसाच्या हातून त्याचं व्यासपीठ जाणार होतं, आणि दुसरं काही त्याला येत नव्हतं. यायला हवंसंही वाटत नव्हतं.

ते घरात पाटी घेऊन बसू लागले. पाणी हवं असलं तरी पाटीवर लिहायचं. करुणाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मोठ्या धीराच्या, पण पाटी पुसताना रडायच्या.

एका संध्याकाळी मी तिथे होते तेव्हा ठमाबाई भाकऱ्या घेऊन आली. वळची ठमाबाई कारखान्यात कांड्यांवर सूत भरायची आणि मंडळीत वडील म्हणून, म्हणजे कारभार बघणाऱ्या पंचांत, निवडून आलेली होती. साहेबांनी करुणाबाईंकडे बघून नुसते ओठ हलवले. करुणाबाई पाटी शोधू लागल्या.

ठमाबाई म्हणाली, “पाटी कशाला? खिडकी लाव म्हंतान, वारा येतोय.”

करुणाबाईंनी जाऊन खिडकी लावली. साहेबांचे ओठ पुन्हा हलले. तिने त्यालाही उत्तर दिलं. “लूमवर बारा तास कोन कोनाचा आयकतंय, साहेब? आमी त्वांड वाचतो. तुमचा आवाज आमी कदी आयकलाच न्हाय. पयल्या रविवारपास्नं तुमचा त्वांड बगतोय.”

मग सांगितलं का नाही, असं त्यांनी विचारलं असणार, कारण ती जरा ओशाळून म्हणाली, “तुमाला वरडायला आवडायचा.”

साहेब दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. म्हणजे ओठसुद्धा हलवले नाहीत. ज्या आवाजापायी गळा गमावला तो बाकांवरच्या कुणाच्या कानापर्यंत पोचलाच नव्हता, हे पचवायला दोन दिवस काही जास्त नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रेसबिटेरीला लिहिलं, मला काढण्याआधी एकदा या आणि बघा.

तिघांची समिती रविवारी आली. अध्यक्ष जुने, शिस्तीचे आणि वाईट मुळीच नव्हते, पण कपाळाला आठ्या घेऊनच आले. खडखडाट ऐकून त्यांनी नूर मोहम्मदला निरोप धाडला की तासभर कारखाना बंद ठेवा. नूर मोहम्मद भला माणूस, स्विचपाशी गेलासुद्धा. तेवढ्यात साहेब खिडकीशी आले आणि त्याच्याकडे बघून ओठ हलवले. त्याने मान डोलावली आणि लूम तसेच चालू ठेवले.

अध्यक्षांनी चिठ्ठीवर विषय लिहून दिला, क्षमा. म्हणजे घोकंपट्टीचा संशय नको. साहेब व्यासपीठावर उभे राहिले आणि बोलू लागले. मला एक अक्षर कळलं नाही. बाजूने मला ओठ दिसतच नव्हते. मला दिसत होते ते लोक. आधी ते एकदम हसले, मग खाली बघू लागले, मग मागच्या बाकावरच्या दांडग्या लूमवाल्यांनी बाहीने डोळे पुसले. समितीतले दोघे एकमेकांच्या कानात ओरडून काहीतरी विचारत होते आणि त्यांना ते ऐकू येत नव्हतं.

उपासनेनंतर अध्यक्षांनी ठमाबाईला बाहेर बोलावलं आणि काय उपदेश झाला ते विचारलं. ती म्हणाली, साहेबांनी सांगितलं की तुम्ही मला बारा वर्षं फुकट ओरडू दिलंत. राग आला, मग आठवलं की न ऐकता का होईना, एकही रविवार तुम्ही माझ्यावरची नजर काढली नाहीत. एवढं लक्ष माणसाला कुठे मिळतं? म्हणून तुम्हाला क्षमा, आणि माझ्या गर्वाला तुम्ही करा.

अध्यक्षांना तरी खात्री वाटेना. ते तडक बोळ ओलांडून कारखान्यात गेले, मी मागोमाग. नूर मोहम्मद आमच्या मंडळीतला नव्हता, त्याला खोटं बोलायचं कारण नव्हतं. त्याने दारात येऊन तोच उपदेश जसाच्या तसा सांगितला.

“शेवटी माझ्याकडे बघून बोलले,” तो म्हणाला. “नूरभाई, तुमच्या लूमनी माझा गळा खाल्ला, आणि तुमच्याच लूमनी ह्या लोकांना माझं बोलणं वाचायला शिकवलं. तुम्हालाही माफ. साब, बारा साल मी ह्या खिडकीतून पादरीसाबना बघतो. ह्यांना हलवू नका.”

अध्यक्ष चर्चमध्ये परत आले, चष्मा पुसला आणि उभ्या उभ्याच अहवाल लिहिला. लांबलचक काही नाही, एकच ओळ. भिवंडीच्या मंडळीला पाळक आहे.

तो कागद ठमाबाईने वाचायला मागितला आणि जोरात वाचून दाखवला. मला लूमच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण सगळी मंडळी बाकांवरून उठली तेव्हा समजलं. करुणाबाईंनी ती पाटी त्याच दिवशी माझ्या शाळेला देऊन टाकली.

नव्व्याण्णवपर्यंत साहेब त्याच व्यासपीठावर होते. मी पेटी समोरच्या बाजूला हलवून घेतली आणि ठमाबाईकडून तोंड वाचायला शिकले, वर्ष गेलं त्यात. साहेबांच्या ओठांवरचं पहिलं वाक्य मी स्वतःचं स्वतः वाचलं ते ऐन गीताच्या मध्यात, माझ्याकडे बघून म्हटलेलं. बाई, पेटी जरा हळू.