ग्रिलमधला तो नकोसा पल्ला

मैत्रिणींनो, आज दुपारी सासूबाईंच्या खोलीत इन्व्हर्टरमधून धूर निघाला आणि नेमकं तेव्हाच, त्या आत असताना, दाराचं लॉक जाम झालं!

घर बांधताना अर्जुनी गावच्या ग्रिलवाल्या भाऊंनी तिथल्या खिडकीला, न विचारता, उघडणारा पल्ला बसवला होता. मी चांगलीच भांडले होते, “चोरासाठी दारच केलं की!”

ते म्हणाले, “ताई, चोराचं सोडा. घरच्यायले बाहेर निघायले जागा पायजे ना?”

आज सासूबाईंनी खिडकीजवळच्या खिळ्यावरची चावी काढून त्याच पल्ल्याचं कुलूप उघडलं, आणि आम्ही त्यांना बाहेर घेतलं. खोकताहेत, पण ठीक आहेत.

भाऊंना फोन केला तर मला रडूच आलं. ते एवढंच म्हणाले, “कुलपाले तेल टाकत जा.”

तुमच्या ग्रिलची चावी कुठं आहे? आत्ता उठून बघा.