सात इंजिनं, एक नंबर

माझ्या मावशीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या काकांनी, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. लोक फोनमध्ये वेळ बघायला लागल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि घराच्या मागच्या खोलीत दोन जुने दरवाजे आडवे टाकून त्यांवर छोट्या आगगाडीचे रूळ मांडले. कोणी त्याला खेळणं म्हटलं की काकांचा चेहरा पडायचा.

इंजिनं सात झाली, तेव्हा प्रत्येक इंजिन वेगळं चालवायचं असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यासाठी इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप बसवतात. तिला डीकोडर म्हणतात. प्रत्येक चिपला एक नंबर असतो, आणि त्या नंबराला हुकूम सोडला की तेवढंच इंजिन हलतं. नव्या चिपा मात्र सगळ्या तीन नंबरच्याच येतात. मग घरच्या कॉम्प्युटरला एक डबी जोडायची, डबीच्या तारा रुळांना जोडायच्या आणि ज्याला त्याला आपापला नंबर द्यायचा.

चिपा बसवणं काकांच्या हातचा मळ होता. केसाएवढ्या तारांना त्यांनी बिनबोभाट डाख दिला. कॉम्प्युटरशी मात्र त्यांचं विळ्याभोपळ्याचं नातं. माऊस ते असा धरायचे, जणू तो आत्ता चावेल. तरी तीन दिवस पुस्तिका वाचून त्यांनी पहिल्या इंजिनासाठी बारा हा नंबर टाकला. पडद्यावर ‘यशस्वी’ असं आलं. काकांनी लगेच समोरच्या रेडिओ मेकॅनिकला चहाला बोलावलं. हा त्यांचा जुना मित्र आणि त्याहून जुना टीकाकार.

“आता फक्त हे काळं इंजिन निघेल,” काका म्हणाले. “बाकीची जागची हलणार नाहीत.”

त्यांनी बटण दाबलं आणि सातही इंजिनं एकदम निघाली. दोन समोरासमोर भिडली. एक बुटांच्या खोक्याच्या बोगद्यात शिरून तिथेच घुरघुरत बसलं. एक दरवाजाच्या कडेवरून थेट मेकॅनिकच्या मांडीवर उतरलं आणि तिथेही चाकं फिरवत राहिलं.

“शिस्त आहे हो,” मेकॅनिक शर्टावरचा चहा पुसत म्हणाला. “सगळी एकदम ऐकतात.”

काकांनी तार ओढून काढली. कानशिलं लाल झाली होती. “चिपाच खराब निघाल्या,” ते म्हणाले.

आवाज ऐकून मावशी आली. ती तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिने पडद्याकडे पाहिलं, रुळांकडे पाहिलं.

“नंबर देताना सगळी इंजिनं रुळांवरच होती का?”

“मग कुठे ठेवणार?”

“अहो, मग सगळ्यांनीच बारा नंबर घेतला. सात घरांत एकच फोन नंबर दिलात, तर घंटी सगळीकडेच वाजणार.”

काकांनी पुस्तिका तिच्यापुढे सरकवली. मेकॅनिकने मांडीवरचं इंजिन उचलून तिच्या हातात दिलं.

मावशीने पदर खोचला, सहा इंजिनं उचलून कपाटावर ठेवली, एकच रुळावर ठेवलं आणि खुर्ची ओढली. पाऊण तासात प्रत्येकाला नंबर मिळाला. मग पुस्तिका चाळताना तिला कळलं की इंजिनाचा सुटण्याचा वेगही आपणच ठरवू शकतो. तिने काकांच्या लाडक्या काळ्या इंजिनाचा वेग इतका कमी ठेवला, की ते निघालंय हे कळायला जरा थांबावं लागायचं.

“हे काय केलंस?” काका म्हणाले.

“तुमच्या चालीला मिळतंजुळतं.”

तेव्हापासून मागच्या खोलीची वाटणी झाली आहे. डाख काकांचा, कॉम्प्युटर मावशीचा. काका आधी चार दिवस घुम्यासारखे वावरले, मग रोज सकाळी दोन कप घेऊन आपणहून तिच्या शेजारी बसायला लागले.

गेल्या रविवारी मेकॅनिक आला तो पाठीमागे हात लपवून. हातात एक कोरं हिरवं इंजिन होतं.

“सहज घेतलं,” तो काकांना म्हणाला आणि मावशीकडे वळला. “वहिनी, मला पाच नंबर मिळेल का?”

“पाच आधीच दिलेला आहे,” मावशी एक्स्चेंजमधल्या आवाजात म्हणाली. “एकवीस देते. ह्यांच्याकडून चिप बसवून आणा आणि रांगेत थांबा.”

खोलीत दुसरं कोणीच नव्हतं. तरी तो थांबला.