सुई कुठे उचलायची

त्या कोरियन रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं मला सगळ्यात जास्त आवडलं आणि पंधरा दिवस मी ते गुणगुणत हिंडले, ही माझ्या आयुष्यातली अव्वल दर्जाची फजिती आहे. तेव्हा मी जर्मनीत, येना नावाच्या शहरात होते, दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील. एका संशोधन संस्थेत लेझरवर काम करायचे. शेजारच्या टेबलावर सोलहून आलेली एक बाई होती, माझ्यापेक्षा थोडी मोठी, कामाला वाघ आणि बोलायला अत्यंत कंजूष. आम्ही मोडक्या जर्मनमध्ये बोलायचो आणि अडलो की इंग्रजीत शिरायचो.

आरसे जुळवताना तिची बोटं टेबलाच्या कडेवर ताल धरायची. एकदा मी विचारलंच, हे काय वाजवतेस? तेव्हा तिने त्या रेकॉर्डबद्दल सांगितलं. सत्तरच्या दशकातली, तिच्या वडिलांची. तेव्हा तिच्या देशात लष्करातून आलेल्या माणसाचं राज्य होतं. पोलीस रस्त्यात पोरांचे लांब केस कापायचे आणि पोरींच्या स्कर्टची लांबी पट्टीने मोजायचे. अशा दिवसांत कुणीतरी दहा-दहा मिनिटांची, गिटार भरकटत जाणारी गाणी केली. पुढे त्यांवर बंदी आली आणि दुकानांतल्या रेकॉर्डी उचलून नेल्या. तिच्या वडिलांनी आपली रेकॉर्ड चर्चच्या भजनांच्या पाकिटात घालून कपाटात ठेवली. ती आता येनात, तिच्या खोलीत होती.

तिने मला ती सीडीवर उतरवून दिली. मी घरी स्वयंपाक करता करता लावली. पहिल्या गाण्यात एक बाई इतक्या सावकाश गात होती की मला वाटलं, आता थांबतेय की काय. तिच्या मागे गिटार नुसतं घुमत राहिलं होतं. मला एक शब्द कळत नव्हता, पण घाई न करणं हीच या गाण्यांची मस्ती आहे, एवढं मात्र कळलं. ज्या राज्यात सगळ्यांनी पाय आपटत चालायचं, तिथे ही माणसं रमतगमत चालली होती. पोळी करपली तरी मला गॅस बंद करायचं सुचलं नाही.

आणि मग शेवटचं गाणं आलं. कडक. तुताऱ्या, ढोल, मुलांचा कोरस, छाती पुढे काढून म्हटलेलं. मी म्हटलं, हं, आता आली खरी गोष्ट!

असं का वाटलं ते सांगायला हवं. माझे वडील मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि संध्याकाळी गायन पार्टीत गायचे. पेटी, ढोलकी, बुलबुलतरंग आणि मागे सहा जणांचा कोरस. जयंतीच्या महिन्यात त्यांना घरी जेवायलाही सवड नसायची. आमच्याकडे गायन पार्टीची परीक्षा शेवटच्या गाण्यावर व्हायची. आधी वंदना, मग गोड गाणी, मग चिमटे काढणारी, आणि शेवटी जे म्हणायला खरं आलो आहोत ते. शेवटच्या गाण्याआधी कुणी उठलं तर म्हाताऱ्या बायका त्याला हाताला धरून खाली बसवायच्या. तेव्हा कोरियातही असंच असणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं. सुशिक्षित माणूस चुकतो तो असाच, पूर्ण खात्रीने.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम ठरत होता. मंडळ म्हणजे वीस-बावीस कुटुंबं, बहुतेक मोटारींच्या कंपन्यांत लागलेले इंजिनियर. मी वडिलांचं एक गाणं म्हणणार होते. त्यांची गाण्यांची वही मी जर्मनीला येताना झेरॉक्स करून आणली होती. चार कडव्यांचं गाणं, गावातल्या विहिरीवरचं. मंडळाच्या सेक्रेटरींनी सगळ्यांकडून शब्द आधी मागवले होते, म्हणून पाठवले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, नेहमीसारखे मराठीत जर्मन शब्द पेरत.

"ताई, आल्झो, गाणं फारच छान आहे हो. असंच लोकगीत हवं होतं, गेनाऊ. फक्त तिसरं कडवं ड्रॉप करू या का? दिवाळीचा प्रोग्रॅम, काही जर्मन गेस्टही येणार, उगाच कुणाला काही वाटायला नको. आणि आपल्या कमिटीतच दोन पाटील आहेत, हा हा! तुमचं झालं की लगेच समूहगीत घेऊ. तुम्हीच सुरू करा ना, म्हणजे सगळं कसं एकोप्यात संपेल."

तिसरं कडवं असं होतं:

विहीर तुमच्या नावावर आहे, खरं आहे पाटील,
पाऊस कोणाच्या नावावर आहे, कागद कोण काढील?

मी म्हटलं, "चालेल." हातात लादी पुसायचं फडकं होतं, पोरीला पोहण्याच्या क्लासला सोडायचं होतं. चालेल म्हणायला कितीसा वेळ लागतो?

पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये मी ते तुताऱ्यांचं गाणं गुणगुणत लेन्स पुसत होते. शेजारच्या टेबलावरची बोटं थांबली. तिने वळून माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू तिच्या वडिलांना शिवी दिली आहे.

"हे तू कुठे ऐकलंस?"

"तुझ्याच रेकॉर्डवर. शेवटचं. सगळ्यात जोरदार!"

ती आधी हसली. मग हसणं थांबलं आणि तिने चष्मा काढून ठेवला. तिने सांगितलं, की ते गाणं त्या लोकांचं नव्हतंच. ते सरकारचं. त्या काळी रेकॉर्ड काढायची तर शेवटी एक 'निरोगी' गाणं घालावं लागे. देशासाठी झटू या, पहाटे उठू या, असलं. वर सगळं तुमचं, शेवट आमचा. रेकॉर्ड सीडीवर उतरवताना ती तळघरात कपडे धुवायला गेली होती, म्हणून तेही उतरलं.

"आमच्या घरी ते कुणीच ऐकायचं नाही," ती म्हणाली. "बाबा खुर्चीतून उठायचे आणि सुई उचलायचे. कुठे उचलायची ते आम्हा पोरांनाही पाठ होतं." आणि तिने दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी धरल्यासारखं करून हात हळूच वर नेला.

मला राग आला. आधी त्या सरकारचा, मग आमच्या सेक्रेटरींचा, आणि ट्राममध्ये बसल्यावर स्वतःचा. मला तिसरं कडवं आठवलं, समूहगीत आठवलं, आणि आणखी एक गोष्ट आठवली. मी पाच-सहा वर्षांची असताना माझ्या बाबांच्या पार्टीचा कार्यक्रम कुटुंबनियोजनाच्या गाण्याने संपायचा. मला ते गाणं भयंकर आवडायचं. मी ते घरभर ओरडत हिंडायचे आणि बाबा चपला घालून बाहेर निघून जायचे. माझा आवाज वाईट आहे म्हणून जातात, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. मूळ वहीत तिसऱ्या कडव्याच्या बाजूला लाल पेन्सिलीची उभी रेघ होती. ती बाबांनीच ओढली असणार, कडवं आवडतं म्हणून, असंही मी धरून चालले होते.

रविवारी सकाळी मनमाडला फोन लावला. ती रेघ कोणाची, विचारलं.

बाबा म्हणाले, "साहेबाची. आणीबाणीत कार्यक्रमाच्या आधी कागद दाखवायला लागायचा. साहेब म्हणाला, एवढं कडवं सोडा, गावात तेढ नको. शेवटी नियोजनाचं गाणं घ्या, मग परवानगी. दाराशी पोलीस उभा केला होता. मी म्हटलं, चालेल साहेब."

"आणि आणीबाणी उठल्यावर?"

"उठली ना. पण तोंडाला सवय लागली होती, बाई. दुसरं झालं की चौथंच यायचं. कोरसलाही तसंच बसलं होतं. मग राहिलंच."

मी त्यांना म्हटलं, की मीसुद्धा चालेल म्हणून बसले आहे. त्यांनी विचारलं, कुणाला? मी म्हटलं, मंडळाला. पलीकडून हसल्याचा आवाज आला, पण ते हसणं मला ऐकवेना. "तुला तर कुणी पोलीस दाखवला नव्हता," ते म्हणाले.

ते बोलणं मला झोंबलं आणि झोंबायलाच हवं होतं. माझ्यापुढे लाल पेन्सिल नव्हती, माझी नोकरी जाणार नव्हती, कोरसमधल्या सहा माणसांचे संसार माझ्या डोक्यावर नव्हते. समोर होता एक भला माणूस, ज्याला फक्त कुणाला काही वाटायला नको होतं. आणि मी कडवं काढून त्याच्या हातात दिलं होतं.

कार्यक्रम पुढच्या रविवारी दुपारी होता, चर्चच्या हॉलमध्ये, सहा वाजता हाउसमाइस्टरला, म्हणजे हॉलच्या रखवालदाराला, किल्ली परत द्यायची या धाकात. मी माझ्या कोरियन मैत्रिणीला बोलावलं होतं. ती फराळ खायला आली आणि चकलीची डिश घेऊन शेवटच्या रांगेत बसली. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. पेटीवर माझा नवरा होता. त्याला एवढंच म्हटलं, की मी जाईन तिथे माझ्या मागे ये.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. सेक्रेटरी पुढच्या रांगेत बसून मान डोलवत होते. मग माझ्याही तोंडात चौथंच आलं, वंशाची सवय. मी ते गिळलं आणि तिसरं धरलं. सावकाश, त्या रेकॉर्डवरच्या बाईसारखं, एकेक शब्द सुटा. 'पाऊस कोणाच्या नावावर आहे' ही ओळ मी तीनदा घेतली. सेक्रेटरींची मान डोलायची थांबली. कमिटीतल्या दोन पाटलांपैकी एक मात्र मांडीवर ठेका धरून होते, हे इथे नोंदवायला हवं. चौथं कडवं संपवून मी नमस्कार केला. समूहगीताचे कागद माइकच्या स्टँडला अडकवलेले होते. मी ते तिथेच राहू दिले आणि खाली उतरले.

शेवटच्या रांगेत, मराठीचं एक अक्षर न कळणाऱ्या त्या बाईने स्टँडवर तसेच राहिलेले कागद पाहिले, चकलीची डिश खाली ठेवली, दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी धरलं आणि हात हळूच वर नेला.

सेक्रेटरी मला कॉफीच्या टेबलापाशी गाठून म्हणाले, "ताई, आपलं असं ठरलं नव्हतं."

"ठरलं होतं," मी म्हटलं. "मी मोडलं."

पुढच्या वर्षी मला गायला बोलावलं नाही. मंडळात जाणं मी सोडलं नाही, दर दिवाळीला जाऊन समोरच बसायचे.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. तिसरं कडवं म्हटलं, चाल तीच ठेवली, ओळ तीनदा घेतली. ते हं हं करत ऐकत होते. मग त्यांनी जुन्या गायन पार्टीवाल्याचा प्रश्न विचारला.

"शेवटचं गाणं कोणतं घेतलं?"

"कोणतंच नाही. मी खाली उतरले."

"म्हणजे शेवटचं झालंच नाही?"

"नाही."

"मग कार्यक्रम संपलेला नाही अजून," बाबा म्हणाले. पलीकडे त्यांनी घसा साफ केला, आणि तीस वर्षांनी तिसरं कडवं स्वतः म्हणायला लागले.