सेपोलाची पाठवणी

फुनाफुती बेटावर पाहुण्यांना खोल्या भाड्याने देणारी जी थोडी घरं होती, त्यांत लितियाचं एक. नवरा जहाजावर खलाशी होता. तो वारल्यावर तिने मागच्या अंगणात चार खोल्या काढल्या. सुरुवातीला कुणी सरकारी अधिकारी उतरायचा, कुणी पाद्री. मग टीव्हीवाले येऊ लागले आणि हळूहळू तेच तेवढे येत राहिले.

त्यांना काय हवं असतं हे लितियाला पाठ झालं होतं. नारळाच्या दुधात शिजवलेला पुलाकाचा कंद खाता खाता ते विचारत, "समुद्र वाढतोय, भीती नाही वाटत?"

"वाटते," ती म्हणे. "चहा देऊ अजून?"

मग मोठ्या भरतीला जमिनीतून पाणी वर आलं, की ते तिला त्यात उभं करत. घरी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, ही बेटाची रीत. ती निमूट उभी राही. हसू नका, असं सांगितलं की हसतही नसे. शेजारणी तिला 'आमची पाण्यातली बाई' म्हणत.

रेडिओवरही तेच. 'हवामान' हा शब्द आला, की तिचा दीर फालेसा उठून आवाज बारीक करी.

"ऐकू तर दे," लितिया एकदा म्हणाली.

"काय ऐकायचंय, वहिनी? पुलाका लावलाय त्या माझ्या खड्ड्यात मीठ उतरलंय, कंद सडतायत. मलाच माझं दुखणं रोज वाचून दाखवतात!"

बातमी खोटी आहे असं त्या घरात कुणालाच वाटत नव्हतं. कान किटले होते, एवढंच.

त्या वर्षी लितियाच्या धाकट्या मुलीचं, सेपोलाचं, लग्न झालं. जावई परदेशात, सुवा शहरात, बेकरीत कामाला. लग्न लागल्यावर तो पुढे गेला, घर बघितलं आणि आता सेपोला निघायची होती. नेमक्या त्याच आठवड्यात खोल्यांमध्ये आनेका नावाची युरोपातली वार्ताहर आणि तिचा कॅमेरावाला उतरले होते. आनेका मुलगी चांगली होती. जेवल्यावर स्वतःची ताटली घासून ठेवायची.

"तुमची मुलगी देश सोडून चाललीय?" तिने विचारलं.

"नवऱ्याकडे चाललीय."

"पण समुद्रामुळेसुद्धा ना?"

"समुद्र तिला जन्मापासून आहे. नवरा आत्ता मिळालाय."

आनेका मनापासून हसली आणि तरीही म्हणाली, "विमानतळावर चित्रण केलं तर चालेल?"

लितियाच्या तोंडून सवयीने "हो" गेलं. गेलं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी सेपोलाच्या डोक्यावरचा फुलांचा मुकुट गुंफताना ती फालेसाला म्हणाली, "मी नाही रडणार हं उद्या. रडले की हे लोक सांगणार, बेट बुडतंय म्हणून म्हातारी रडते."

"आणि पोरीने काय समजायचं?"

लितियाने पुढचं फूल ओवलं. माणूस बेट सोडून निघालं, की घरच्यांनी मोकळ्या गळ्याने रडायचं असतं. नाहीतर निरोप दिला असं कुणी धरत नाही.

विमान यायचा भोंगा झाला. धावपट्टीवर चेंडू खेळणारी पोरं बाजूला झाली, कुत्री हाकलली गेली. सगळा गोतावळा जमला होता. आत्या रडल्या, चुलत बहिणी रडल्या, फालेसासुद्धा तोंड फिरवून रडला. लितियाने लेकीच्या मानेला पावडर लावली, अत्तर लावलं, मुकुट नीट केला. डोळे कोरडे. हातभर अंतरावर कॅमेरा होता.

सेपोला विमानाकडे निघाली आणि अर्ध्यातून परत आली.

"आई, माझ्यासाठी काहीच नाही का गं?"

"अगं, ते बघतायत ना. भलतंच सांगतील."

"सांगू देत! मी काय त्यांच्या टीव्हीवर बघणारेय तुला? मी आत्ता बघतेय."

लितियाने सेपोलाला दोन्ही हातांनी ओढून घेतलं आणि अशी रडली, की पायलटने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. सेपोलाही रडली. तिचं नाक लाल झालं, मुकुट कानावर आला, आणि ती विमानात चढली तेव्हा तिचं समाधान झालेलं सगळ्यांनी पाहिलं.

काही आठवड्यांनी आनेकाने ती फिल्म फोनवर पाठवली. फालेसाच्या मुलाने ती सगळ्यांना दाखवली. एक गंभीर आवाज सांगत होता, बुडणाऱ्या मायभूमीतून लेकीला दूर पाठवणारी ही आई. फालेसा उसळला.

"बघ! लिही तिला, वहिनी. बेकरीवाल्याचं नावसुद्धा घेतलं नाही!"

"लिहून काय होणार? पुढचे येतील ते पुन्हा तेच विचारतील."

"मग असंच सोडून द्यायचं?"

"तसं नाही," लितिया म्हणाली. तिने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि फोन जवळ ओढला. "त्या माणसाचा आवाज बंद कर आधी. हां. आता पहिल्यापासून लाव. पोरीचं तोंड नीट दिसत होतं."