पंखावरची चौथी शीर

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगावला उतरलो, तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली आणि तळहाताएवढा राखाडी दगड होता. दगडात एका पंखाचा ठसा आहे. त्यावरून तीस वर्षांपूर्वी मी कीटकाची नवी जात जाहीर केली. अशा जाती पंखातल्या शिरांच्या मांडणीवरून ओळखतात. माझ्या किड्याला चौथी आडवी शीर होती, त्याच्या भाऊबंदांत कुणालाच नसलेली.

ती शीर म्हणजे ओरखडा होता. ठसा साफ करताना माझी सुई घसरली. मला ते तेव्हाच कळलं होतं. मी गप्प राहिलो आणि माझं नाव झालं.

दगड फुटून त्याचे दोन भाग झाले होते, दोन्हींवर त्याच पंखाचा ठसा. दुसरा भाग अनुसयाबाईंकडे राहिला. विहिरीच्या कामावर दगड त्यांनाच सापडला, म्हणून जातीला मी त्यांचं नाव दिलं. तो भाग शाबूत असेल, तर माझी लबाडी सिद्ध होणार होती. तेवढ्यासाठीच निघालो होतो.

चौफुल्याला मिसळ खाऊन न्हावऱ्याची एसटी धरली. भीमेच्या पुलाखाली जलपर्णी, पुढे दोन्हीकडे ऊस. कंडक्टरने एक फाटा आधीच उतरवलं. उरलेली वाट उन्हात तुडवली.

वाडीवर अनुसयाबाईंच्या सुनेने ओळखलं. "आत्या, तुमच्या किड्याचं सर आल्यात." पोरं त्यांना किडेवाली आजी म्हणतात, असं हसत सांगून तिने माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) पुढे ठेवलं.

दगड भिंतीतल्या देवळीत होता. त्यांच्या लेखी ते पिंपळपान. रोजचं कुंकू खाचांत बसून प्रत्येक शीर लाल उठली होती. मी आडव्या शिरा मोजल्या. एक, दोन, तीन. चौथी नव्हती.

मी सगळं सांगून टाकलं. अनुसयाबाई शांतपणे म्हणाल्या, "ठावं हाय. तुमची सुई मोडली म्हणून माझी वाकळ (गोधडी) शिवायची सुई मागितलीत. हितंच वट्यावर घसरली. मी समूरच हुते."

सुई घसरली त्या क्षणी तिथे माझ्याशिवाय कुणीच नव्हतं, असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो.

मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललात?

"वाटलं, सरांनी खूण केली आसंल. मग तुमचं पुस्तक आलं. चित्रात ती रेघ आन् खाली माझं नाव. लई लागलं मनाला. खोट्या रेघंखाली मला कशाला बसवलंत, सर?"

जात रद्द झाली की नावही जाईल, हे मी कसंबसं सांगितलं.

"जाऊ द्या की. पोरं चिडवायची तरी थांबत्याल."

दगडाचे फोटो काढून संध्याकाळच्या गाडीने परतलो. दुरुस्तीचं टिपण काल शोधपत्रिकेला पाठवलं. तो पंख आधीच माहीत असलेल्या एका जातीचा आहे. सुई घसरली, आणि ते अनुसयाबाईंनी पाहिलं, असं त्यात लिहिलं आहे. खूप आठवून पाहिलं, पण त्या ओट्यावर त्या मला अजूनही दिसत नाहीत. ते वाक्य मी त्यांच्या शब्दावर लिहिलं.