आईने न पाहिलेला समुद्र

आईच्या अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवसासाठी माझ्या मुलीने कोकणातलं एक हॉटेल ठरवलं. ती हिंजवडीत नोकरी करते. खरं तर समुद्र तिलाच हवा होता. तिने आजीला फोनवर फोटो दाखवला. दगडी कमानी, लांबलचक व्हरांडा, मागे पाणी. "संस्थानिकांचा बंगला होता, आज्जी. आता हेरिटेज हॉटेल आहे."

आईने फोटो न्याहाळला आणि फोन परत दिला. "जिना फार उभा आहे. मला नाही झेपायचं."

फोटोत जिना नव्हता.

आई जन्मभर पुण्यात राहिलेली. समुद्र कधी पाहिलाच नाही, असं सांगायची. वडिलांनी दोनदा कोकणची सहल ठरवली, दोन्ही वेळा तिने ऐनवेळी मोडली. ते सगळं मला आता खटकायला लागलं. मी हॉटेलात फोन लावला.

"जिना आहे, मॅडम, मागच्या बाजूला. जरा उभाच आहे."

"आणि संस्थानिकांनंतर तिथे काय होतं?"

"बंदच होता बंगला," हॉटेलातला माणूस घाईघाईने म्हणाला. मला ते पटलं नाही.

दुपारी आई मटार सोलत होती. मी समोर बसले. "तिथे कधी गेली होतीस? कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर काय! भलतंसलतं डोक्यात आणू नकोस." तिचे हात थांबले. "क्षय झाला होता मला, लग्नाआधी. तेव्हा तिथे आरोग्यधाम होतं. आठ महिने व्हरांड्यात खाटेवर होते."

"बाबांना माहीत होतं?"

"तुझ्या आजोबांनी शपथ घातली होती. स्थळ मोडलं असतं."

मला साधा खोकला झाला तरी ती डॉक्टरांकडे धावायची. मी तिला भित्री म्हणायचे.

शेवटी आम्ही गेलो. व्हरांड्यात आता जेवणाची टेबलं होती. दारातल्या इतिहासाच्या पाटीवर संस्थानिक होते, हॉटेलमालक होते. मधली वर्षं गायब. आईने मॅनेजरला बोलावलं.

"अहो, इथे आरोग्यधाम होतं, ते का नाही लिहिलं?"

त्याने तिला आपादमस्तक पाहिलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? त्या तिसऱ्या कमानीखाली माझी खाट होती."

"पाहुणे बिचकतात, आजी. जेवायची जागा आहे."

"मी बरी होऊन गेले इथून. तेही लिहा की."

पाटी बदलेल असं मला वाटत नाही. आई मात्र तिसऱ्या कमानीखाली बसून दोन कप चहा प्यायली आणि शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीबद्दल नातीला सांगू लागली. त्या मैत्रिणीचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं.