घोटभर पाणी

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या शकुबाईची भिशी कधी बुडली नाही. बुडेल कशी? बाई महावस्ताद! भिशीत नवी बाई घ्यायची म्हटली की ही आधी तिच्या दारात उभी. "माय, घोटभर पानी दे वं." पाणी कसं देते, सासूशी कशी बोलते, शेजारीण मागून काय सांगते, सगळं बघून यायची. मगच नाव घालायची.

२००९ साली लेकीनं, अंकितानं, तिला कॉम्प्युटरवर एक फोटो दाखवला. रोहण्याची प्रमिलाबाई. तिला पिठाची चक्की टाकायला पैसे पाहिजे होते. अनोळखी माणसानं अनोळखी माणसाला परस्पर कर्ज द्यायचं, अशी ती वेबसाइट.

"माय, तुये भिशीचे पैसे पडूनच हायेत. दे ना, व्याज भेटते."

"फोटोतली बाई पानी देते का मले?"

अंकितानं कपाळावर हात मारला.

पण तो सालस चेहरा शकुबाईच्या डोळ्यांपुढून हलेना. पैसे द्यावेसे वाटत, अन् लगेच वाटे, घर न बघता कसे द्यायचे? भाजीत मीठ दोनदा पडलं. नवरा, चंद्रभान, वैतागला. "देऊन तरी टाक, नाई तं सोड तरी!" शेवटी तिनं आर्वीची एसटी धरली अन् तिथून रोहणा गाठलं.

स्टँडजवळच्या किराणा दुकानात तिनं विचारलं, "प्रमिलाबाई कशी हाये हो? चक्कीसाठी कर्ज मांगून राह्यली, म्हनून इचारतो."

"कर्ज?" दुकानदाराचा तराजू हातातच थांबला. "बाई चांगली हाये."

हापशीवर बायकांनाही तिनं तेच विचारलं. कष्टाळू आहे, कोणाचं बुडवायची नाही, असंच सगळ्या बोलल्या. शकुबाईचा जीव भांड्यात पडला. देऊनच टाकायचे!

शकुबाईनं दारात जाऊन पाणी मागताच प्रमिलाबाईनं लख्ख घासलेला तांब्या भरून आणला. शकुबाईनं हसत हसत आपण का आलो ते सांगितलं. प्रमिलाबाईनं आधी दाराबाहेर डोकावून पाहिलं.

"गावात कोनाले इचारलं तं नाई ना?"

"इचारलं ना. किरान्यात, हापशीवर. समदे चांगलंच बोलले."

प्रमिलाबाई उंबऱ्यावर बसली. "किरानेवाला माहा दीर हाये. त्याच्यापुढं हात पसरायची लाज वाटे, म्हनून तं आर्वीले जाऊन कॉम्प्युटरवर नाव टाकलं. तिथं मले कोनी ओळखत नव्हतं. बाई, तुमी काऊन आल्या?"

"मी देतो ना पैसे. आताच देतो."

"नको. गावभर झालं, आता कोनाचेच नको."

संध्याकाळी अंकितानं दारातच विचारलं, "मंग? देल्लं का पानी?"

"देल्लं वं," शकुबाई म्हणाली. "माह्याच घशाखाली उतरलं नाई."